ताम्रपटात नाही, म्हणून घडलेच नाही? मराठवाड्याच्या गाळात लिहिलेल्या इतिहासाविषयी

१/
मराठवाड्यात भूकंपाचा विषय निघाला की इतिहासप्रेमी मंडळींकडूनही एक वाक्य हमखास ऐकू येते : "१९९३ च्या आधी इथे कधी भूकंप झालाच नाही. झाला असता तर एखाद्या शिलालेखात, बखरीत, गॅझेटिअरात नोंद सापडली असती." आजचा थ्रेड या वाक्याच्या विरोधात आहे. ते चुकीचे आहे, हे पुराव्यानिशी दाखवता येते. आणि ज्या जातीच्या पुराव्याने ते चुकीचे ठरते, तो पुरावा आपल्या डोळ्यांदेखत नदीकाठावरून नाहीसा होतो आहे. थ्रेड दीर्घ आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

२/
सुरुवात विष्णुपुरीपासून करू. नांदेडला लागून, गोदावरीच्या काठी वसलेले हे गाव. काळेश्वराचे मंदिर, उपसा सिंचनाचा मोठा प्रकल्प, आणि १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. येथे येणारा इतिहासप्रेमी मंदिराचे छायाचित्र काढतो आणि परततो. नदीच्या उभ्या तुटलेल्या दरडीकडे तो पाहत नाही. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे खडे, खाली गोटे आणि तळाशी काळा पाषाण, असा क्रम गोदावरीच्या खोऱ्यात जागोजागी दिसतो. प्रत्येक थर म्हणजे नदीच्या आयुष्यातला एक काळ. आपण ज्याला "नुसती माती" म्हणतो, तो या प्रदेशाचा सर्वांत जुना दफ्तरखाना आहे.

३/
आता १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे जड माळवद : उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरे अंगावर कोसळली. मृतांची संख्या वेगवेगळ्या नोंदींनुसार आठ ते दहा हजारांच्या घरात जाते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्याने वसवावी लागली. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ती पहाट आठवणारे कोणी ना कोणी आहे.

४/
त्या वेळच्या देशाच्या भूकंप नकाशात किल्लारी कोठे होती? पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. हा नकाशा करणारे मूर्ख नव्हते. पूर्वी नोंदलेले भूकंप आणि भूरचनेची तेव्हा असलेली माहिती त्यांच्यापुढे होती, आणि किल्लारीच्या आसपास मोठ्या भूकंपाची नोंदच नव्हती. "नोंद नाही" याचा अर्थ "धोका नाही" असा लावला गेला. पुढे हा भाग तिसऱ्या विभागात घेतला गेला. पहिला विभाग तर २००२ मध्ये नकाशातूनच काढून टाकण्यात आला. सरकारी नकाशाने आपली चूक दुरुस्त केली. इतिहासप्रेमींनी मात्र तेच गृहीतक अजून उराशी धरले आहे.

५/
मुळात लेखी साधने कशासाठी निर्माण झाली, हे विचारायला हवे. ताम्रपट हा दानाचा दस्तऐवज. त्यात दात्याची वंशावळ असते, गावाचे नाव असते, करांच्या सवलती असतात, दान मोडणाऱ्याला शाप असतो. वीरगळ एका मृत्यूची स्मृती जपतो. बखर एका घराण्याची कथा सांगते. यांपैकी कोणाचेही काम जमिनीच्या हालचाली नोंदवण्याचे नव्हते. जमाखर्चाच्या वहीत पावसाचे वर्णन नाही, म्हणून त्या वर्षी पाऊस पडला नाही असे आपण म्हणत नाही. मग ताम्रपटात भूकंप नाही, म्हणून भूकंप झाला नाही असे कोणत्या न्यायाने म्हणतो?

६/
उदाहरण आपल्याच प्रदेशातले घेऊ. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला मानला जातो. त्यात 'नंदिकट' या प्रदेशाचा उल्लेख आहे. अभ्यासक त्याची ओळख आजच्या नांदेडशी जोडतात. नांदेडच्या प्राचीनतेचा हा मौल्यवान पुरावा, आणि आपण तो अभिमानाने सांगतो. राजवंश, दान घेणारे ब्राह्मण, सवलती हे सारे त्या पत्र्यांवर कोरलेले आहे. पण त्याच सुमारास, एखाद्या शतकाचे मागेपुढे धरून, याच मराठवाड्यात जमीन हादरली होती असे मानण्यास आधार आहे. तो आधार तांब्यावर नाही. तो तेरणेच्या काठावर आहे.

७/
तेर म्हणजे प्राचीन तगर. आजच्या धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीच्या काठचे हे गाव. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचे नाव येते : पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवरची ही मोठी बाजारपेठ, जिचा माल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे नेला जाई. विटांचे त्रिविक्रम मंदिर, सातवाहनकालीन खापरे, मणी, मृण्मूर्ती, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय : हे तेर आपल्याला ठाऊक असते. १९५८ साली चापेकरांनी येथे केलेले उत्खननही अनेकांनी वाचलेले असते. आपल्याला ठाऊक नसते ते गावाजवळच्या नदीच्या दरडीतले तेर.

८/
किल्लारीच्या भूकंपानंतर सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूवैज्ञानिकांनी तेरच्या दरडींचा अभ्यास केला. किल्लारीपासून वायव्येस सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या या दरडींमध्ये मुळात आडवे साचलेले गाळाचे थर वाकलेले, दुमडलेले, लहान लहान भ्रंशांनी तुटून वरखाली सरकलेले त्यांना आढळले. वाळू पाण्यासारखी प्रवाही झाल्याच्या खुणाही होत्या. थरांतील कोळशाचे वय आणि स्थळाचा पुरातत्त्वीय कालक्रम यांची सांगड घालून त्यांनी निष्कर्ष मांडला : सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी येथे मोठा भूकंप झाला असावा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे संशोधन प्रसिद्ध झाले. आपल्या किती चर्चांत त्याचा उल्लेख होतो?

९/
गाळात भूकंप कसा 'नोंदला' जातो, ते समजून घेऊ. नदीकाठी पाण्याने भरलेली सैल वाळू असते आणि तिच्यावर चिकणमातीचे झाकण असते. जोराचा हादरा बसला की वाळूच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांचा आधार सोडतात आणि वाळू क्षणभर द्रवासारखी वागते. यालाच द्रवीभवन म्हणतात. ही वाळू वरचे झाकण फोडून उसळते आणि तिच्या वाटेचा ठसा चिकणमातीत उभ्या शिरेसारखा राहतो. पुढच्या पुरांनी त्यावर नवे, आडवे, न बिघडलेले थर बसतात. बिघडलेल्या थराच्या वर शांत थर : हादरा त्या दोहोंच्या मधल्या काळात कधीतरी बसला.

१०/
तो काळ ठरवायचा कसा? बिघडलेल्या थरातील कोळशाचे किरणोत्सारी कार्बनने वय काढले की हादरा त्यानंतरचा, हे कळते. वरच्या शांत थरातील कोळशाचे वय काढले की हादरा त्याआधीचा, हे कळते. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षे. त्यामुळे साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत ही पद्धत उपयोगी पडते. दुसरी पद्धत वाळूच्या कणांची : शेवटचा सूर्यप्रकाश दिसल्यानंतर कण किती काळ अंधारात पुरलेला आहे, हे त्यातून मोजता येते. तिसरा साक्षीदार म्हणजे खापर. तेरसारख्या ठिकाणी खापरांची शैलीच शतक सांगते. येथे भूवैज्ञानिकाला पुरातत्त्वज्ञावाचून पुढे जाता येत नाही.

११/
आता एक रास्त आक्षेप. "आपल्या काळ्या मातीला भेगा पडतातच, प्रत्येक भेगेला भूकंप म्हणायचे का?" मुळीच नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, खोल भेगाळते आणि स्वतःला वरखाली घुसळते. तिच्यात घसटीचे गुळगुळीत पृष्ठ भूकंपावाचूनही तयार होतात. पुराने दरड ढासळली तरी थर वाकतात. म्हणून प्रामाणिक संशोधक आधी या साऱ्या शक्यता तपासतो : बिघाड एका ठराविक थरापुरता आहे का? त्याच काळाचा तसाच बिघाड अन्यत्र सापडतो का? तेरचा निष्कर्षही अशाच कसोट्यांवर पुन्हा पुन्हा घासला गेला पाहिजे. पण घासायला दरडी शिल्लक हव्यात.

१२/
तेर एकटे नाही. खुद्द किल्लारीत भूकंपाने जमिनीवर उमटलेल्या तुटीच्या आरपार चर खणले गेले, विवरे पाडली गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने येथे ६१७ मीटर खोल विवर घेतले. सुमारे ३४० मीटर बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम काही मीटर जाडीचा लाव्हापूर्व गाळ, आणि त्याखाली अतिप्राचीन खडक, असा पाषाणाचा क्रम त्यातून हाती आला. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंच्या बेसॉल्ट थरांची तुलना केली तेव्हा खोलातली सरकण १९९३ च्या धक्क्याने पृष्ठभागावर दिलेल्या सरकणीहून बरीच अधिक भरली. सरळ अर्थ असा की हा भ्रंश पूर्वीही हलला होता.

१३/
या निष्कर्षावर मतभेद झाले, हेही सांगितले पाहिजे. १९९६ मध्ये राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी किल्लारी हा जुन्या भ्रंशाचा पुनर्जागर असल्याचे मांडले. त्याच वर्षी लिओनार्डो सीबर आणि सहकाऱ्यांनी हा भ्रंश नवा असावा का, असा प्रश्न उपस्थित केला. निम्न तेरणा जलाशयाच्या भूमिकेचीही चर्चा झाली. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपामागे जलाशयाचा हात होता, हे बहुतेक अभ्यासक मानतात. किल्लारीबाबत तशी सहमती नाही. तरीही आपल्याकडे "धरणामुळेच झाला" हे वाक्य अंतिम निकालासारखे फेकले जाते. ते सोयीचे आहे. दोष एका भिंतीवर ढकलला की खालच्या जमिनीकडे पाहण्याची गरज उरत नाही.

१४/
"दख्खनचे पठार स्थिर आहे" हे शाळेतले वाक्य अर्धवट आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे आणि त्या रेट्याचा ताण द्वीपकल्पाच्या पोटातही साठतो. हिमालयाच्या मानाने तो फार सावकाश साठतो, एवढाच फरक. एकाच भ्रंशावरील दोन मोठ्या भूकंपांत येथे हजारो, कधी त्याहूनही अधिक वर्षांचे अंतर पडू शकते. आपला लेखी इतिहास किती? फार तर सव्वादोन हजार वर्षे, आणि तोही तुटक. हजारो वर्षांनी एकदा बोलणाऱ्या साक्षीदाराची जबानी इतक्या आखूड वहीत सापडावी, ही अपेक्षाच चुकीची. लांब वही फक्त गाळाची आहे.

१५/
जगात या वहीची किंमत कशी चुकवावी लागते, ते जपानने पाहिले. इसवी सन ८६९ मध्ये जोगान काळातील भूकंपाने आणि त्सुनामीने सेंदाईचा किनारा बुडवल्याची नोंद तेथील राजवृत्तात होती. पुढे संशोधकांना सेंदाईच्या मैदानात, समुद्रापासून आत काही किलोमीटरपर्यंत, त्या लाटेने आणून टाकलेल्या वाळूचा थर सापडला. त्याखालीही आणखी जुन्या लाटांच्या वाळूचे थर होते. हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, इशारे दिले गेले. पण तयारी अपुरी राहिली आणि ११ मार्च २०११ उजाडला. जपानकडे लेख आणि वाळू, दोन्ही साक्षीदार होते. आपल्याकडे लेख नाही. उरलेल्या एकाच साक्षीदाराला तरी आपण जपतो आहोत का?

१६/
गाळ फक्त भूकंप सांगत नाही. पावसाचाही हिशेब ठेवतो, आणि तेथे आपली दुसरी एक आवडती समजूत उघडी पडते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला बाहेर जाणारा प्रवाह नाही. आत आलेले पाणी फक्त बाष्प होऊन जाते. त्यामुळे पाऊस वाढला-घटला की सरोवराची पातळी, क्षारता आणि तळाशी बसणारा गाळ लगेच बदलतो. तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढून अभ्यासकांनी गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा मोसमी पावसाचा आलेख मांडला. पाणी फार आटले की तयार होणारे गेलुसाइट या खनिजाचे स्फटिकही त्यांना या गाभ्यात सापडले.

१७/
२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दोन दीर्घ कोरडे कालखंड दाखवले : पहिला सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या कालखंडापुढे आपल्या राजवंशांची यादी ठेवून पाहा. सातवाहनांचा उत्तरकाळ, वाकाटक, बदामीचे चालुक्य, राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव. अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी, वेरूळचे कैलास, असंख्य मंदिरे, हे सारे पावसाचे प्रमाण एकंदरीत कमी असलेल्या काळात उभे राहिले. "भरपूर पाऊस म्हणून सुवर्णयुग, दुष्काळ पडला म्हणून राज्य बुडाले" हा सोपा पाढा येथे चुकतो.

१८/
म्हणून उलट्या दिशेच्या अतिरेकालाही माझा विरोध आहे. अलीकडे काही मंडळी प्रत्येक साम्राज्याचा अंत हवामानाच्या एका आलेखाने सांगून मोकळी होतात. गाळाचा आलेख शतकांच्या मापाने बोलतो; एखाद्या राजाच्या पराभवाचे वर्ष तो सांगू शकत नाही. दुसरे असे की माणसे हातावर हात ठेवून बसत नाहीत. मराठवाड्यातील बारवा, तलाव, नदीकाठचे घाट पाहिले की पाणी जपण्याची केवढी विद्या या समाजाने कमावली होती, ते दिसते. कोरड्या काळातली समृद्धी हा खरा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न गाळाच्या अभ्यासामुळेच आपल्याला विचारता आला.

१९/
पुराव्याने वाद कसा घालावा, याचा धडा महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननावरून म. के. ढवळीकरांनी मांडले की ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या आरंभी हवामान कोरडे होत गेले आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घडी विस्कटली. घरांचा बदलता आकार, धान्य आणि हाडांचे अवशेष यांच्या आधारे ते बोलत होते. त्यांचे मत स्वीकारा किंवा नाकारा. पण नाकारायचे तर तितक्याच तोलाचा पुरावा आणावा लागतो. "आमच्या पूर्वजांना दुष्काळाने हरवले, हे पटत नाही" हा प्रतिवाद होत नाही.

२०/
आता नदीबरोबर खाली जाऊ. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा नांदेडच्या पुढे गोदावरीला, आणि गोदावरी हा सारा गाळ बंगालच्या उपसागरात नेते. गोदावरीच्या मुखासमोरील समुद्रतळातून काढलेल्या गाभ्यात आपल्या खोऱ्याची हजारो वर्षांची माती एकावर एक बसलेली आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्यातील वनस्पतींच्या मेणाचे अवशेष तपासले. सुमारे ४००० ते १७०० वर्षांपूर्वीच्या काळात कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पतींचे प्रमाण वाढत गेल्याचे त्यात दिसले. पैठण आणि तेरची भरभराट यातल्या शेवटच्या टप्प्यातली, हे लक्षात घ्या.

२१/
याच गाभ्यावरील २०१७ च्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. दख्खनच्या बेसॉल्टची माती आणि पूर्वेकडच्या प्राचीन खडकांची माती रासायनिक ओळखीने वेगळी करता येते. गेल्या काही सहस्रकांत समुद्रात येणाऱ्या गाळात दख्खनचा वाटा वाढत गेला. कोरडे होत जाणारे हवामान आणि पठारावर पसरत जाणारी शेती यांच्याशी संशोधकांनी ही धूप जोडली. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या नांगराची खूणही समुद्राच्या तळाशी आहे. ज्या शेतकऱ्याचे नाव एकाही शिलालेखात नाही, त्याच्या श्रमाची आणि त्याच्या चुकीचीही नोंद गाळाने ठेवली. राजांच्या इतिहासाला कंटाळलेल्यांनी या नोंदीकडे अवश्य वळावे.

२२/
आणि आता मूळ दुखण्याकडे येतो. समुद्रतळाची वही सुरक्षित आहे, नदीकाठची नाही. गोदावरी, मांजरा, तेरणा, आसना, कोणत्याही नदीकाठी जा : वाळूसाठी पात्र खरवडलेले, वीटभट्ट्यांसाठी काठाची पोयट्याची माती कापून नेलेली. मांजरेच्या खोऱ्यात हत्ती आणि पाणघोड्यांचे हिमयुगातील जीवाश्म सापडले आहेत. तेही अशाच गाळात होते. एका रात्रीत जेसीबी जेवढी दरड उचलतो, तेवढी घडवायला नदीला हजारो वर्षे लागलेली असतात. किल्ल्याच्या भिंतीवर कोणी नाव कोरले तर आपण संतापून पोस्ट टाकतो, आणि ते योग्यच आहे. पण नदीची अख्खी दरड ट्रॅक्टरमध्ये भरून गेली, तर हळहळसुद्धा नाही.

२३/
"मग लोकांनी घरे बांधायची नाहीत का? गाळ काढून शेतात टाकू नये का?" असे विचारले जाईल. बांधावीत, टाकावा. धरणांतला गाळ बहुतांशी गेल्या काही दशकांचा आहे. तो शेतात जाण्याने इतिहासाची फारशी हानी नाही, शेतकऱ्याचा मात्र लाभ आहे. माझे म्हणणे जुन्या दरडींबद्दल आणि शतकानुशतके जुन्या तलावांबद्दल आहे. पाया खणताना नाणी सापडली तर काम थांबवून कळवण्याचा कायदा आपल्याकडे आहे. वाकलेला, तुटलेला थर सापडला तर कोणाला कळवायचे, हे गावात कोणीही सांगू शकत नाही. ही उणीव सामान्य माणसाची नव्हे. ती आपल्या इतिहासाच्या व्याख्येची आहे.

२४/
नांदेड जिल्ह्यातच एक संधी आहे. कंधारला राष्ट्रकूट काळाशी जोडला जाणारा 'जगत्तुंग समुद्र' हा विशाल तलाव आहे. आपण त्याच्या नावाचा, त्याच्या कर्त्याचा वाद घालतो. पण अशा तलावाच्या तळाशी पाऊस, पूर, दुष्काळ, भोवतालची पिके आणि कदाचित हादरेही नोंदले गेलेले असू शकतात. मधल्या काळात तो कितीदा उपसला गेला, हेही गाभा काढल्यावरच कळेल. असे जुने तलाव स्वच्छ करण्याआधी तळाचा एक उभा गाभा काढून विद्यापीठात जपून ठेवावा, एवढी साधी अट घालता येणार नाही का? विष्णुपुरीच्या विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे. कंधार तेथून दूर नाही.

२५/
हा सारा खटाटोप केवळ ज्ञानासाठी नाही. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीत लहान धक्के बसू लागले होते. काही महिन्यांनी ते ओसरले आणि वर्षभराने ती पहाट आली. २००६ च्या अखेरीपासून नांदेड शहरात लहान धक्के आणि भूगर्भातून येणारे आवाज लोकांनी अनुभवले. २१ मार्च २०२४ च्या पहाटे हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेड आणि परभणीपर्यंत जाणवला. १० जुलैला पुन्हा तेवढाच. यावरून मोठा भूकंप येणारच, असे कोणीही म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये. लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका पुढे काही न होता शमतात. पण "इथे कधी झालेच नाही" असे म्हणून कच्च्या बांधणीचा मजल्यावर मजला चढवणे, हेही तितकेच निराधार आहे.

२६/
तरुण वाचकांनी काय करावे? गावाजवळच्या नदीच्या दरडी पाहा. थर वाकलेले किंवा तुटलेले दिसले तर शेजारी मोजपट्टी अथवा काठी ठेवून छायाचित्र घ्या. ठिकाण, तारीख, नदीचा कोणता काठ, हे लिहून ठेवा. स्वतः खणू नका, खापरे आणि हाडे उचलून नेऊ नका. जागेवरून हलवलेला पुरावा निम्मा मुका होतो. नोंद जवळच्या भूशास्त्र किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. ग्रामसभेत वाळूघाटाच्या लिलावाचा विषय आला तर जुन्या दरडी वगळण्याची मागणी करा. आणि भूकंपाचे भाकीत सांगणारे संदेश पुढे पाठवू नका; अशी दिवस-वेळ सांगण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही.

२७/
शेवटी पुन्हा त्या पहिल्या वाक्याकडे. "झाला असता तर कुठेतरी लिहिलेले सापडले असते." ते लिहिलेले आहे. तेरच्या दरडीत आहे, किल्लारीच्या पाषाणात आहे. आपल्याला ती लिपी वाचता येत नव्हती, एवढेच. ब्राह्मी, मोडी शिकण्यासाठी आपण वर्ग भरवतो, कार्यशाळा घेतो. गाळाची लिपी शिकण्यासाठी तितकाच उत्साह दाखवला, तर पुढच्या पिढीला आपल्या प्रदेशाचा धोका मृतांच्या संख्येवरून शिकावा लागणार नाही. येत्या सुटीत तेरला जा. त्रिविक्रम मंदिर पाहा, संग्रहालय पाहा, आणि परतण्याआधी अर्धा तास तेरणेच्या काठावर उभे राहा.